एका लाखात गाडी बसवायची कशी?

टाटांच्या नॅनो गाडीचं चाक कधी बदललं असेल तर एक गोष्ट नक्की लक्षात आली असेल: तिथे तीनच नट आहेत. बहुतेक छोट्या गाड्यांना चार असतात, मोठ्यांना पाच. पहिल्यांदा बघणारा दचकतो, चौथा नट कुठे पडला की काय म्हणून खाली वाकून शोधतो. तो पडलेला नसतो. तो कधी बसवलेलाच नव्हता. आणि तो का बसवला नाही हे नीट समजलं, की स्वस्त गाडी बनवण्यामागचं निम्मं शास्त्र समजतं.

एका नटाचे पैसे ते किती? पण चार चाकांचे चार नट, त्यांचे चार बोल्ट, त्यासाठी पाडायची भोकं, कारखान्यात ते आवळायला लागणारे सेकंद, आणि हे सगळं लाखो गाड्यांवर. रक्कम फुगते. तरीही निव्वळ पैसे वाचतात म्हणून चाकाचा नट काढता येत नाही, तिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो. नॅनोत तो काढता आला, कारण गाडीचं वजनच सहाशे किलोंच्या आसपास होतं. चाकावर येणारा भार कमी, म्हणून तीन नट पुरेसे. आधी गाडी हलकी केली, मग नट कमी केला. हाच क्रम उलटा लावला असता तर ती काटकसर राहिली नसती, काटछाट झाली असती. पुढचं सगळं वाचताना हे दोन शब्द जवळ ठेवा, कारण स्वस्त गाडीची परीक्षा या दोन शब्दांमधल्या फरकावर होते.

आधी किंमत, मग गाडी

कोणत्याही वस्तूची किंमत साधारण अशी ठरते: माल किती लागला, मजुरी किती, वाहतूक किती, यांची बेरीज, वर नफा. बेरीज आली ती किंमत. नॅनोच्या बाबतीत रतन टाटांनी हे गणित उलटं मांडलं. पावसात एका स्कूटरवरून जाणारं कुटुंब त्यांनी पाहिलं होतं: वडील चालवताहेत, पुढे एक मूल उभं, मागे आई आणि तिच्या कडेवर दुसरं. या कुटुंबाला परवडेल अशी सुरक्षित चारचाकी करायची हा विचार तिथून आल्याचं ते सांगत. २००३ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ते याबद्दल बोलले, एक लाख रुपयांचा आकडा वर्तमानपत्रात छापून आला, आणि पुढे तोच आकडा लक्ष्य म्हणून धरला गेला. गाडीचं चित्रसुद्धा कागदावर नव्हतं. किंमत मात्र ठरली होती.

लग्नाच्या जेवणाचा ठेका देताना दोन पद्धती असतात. एक म्हणजे आचाऱ्याला पदार्थांची यादी द्यायची आणि ताटाचा भाव विचारायचा. दुसरी म्हणजे सांगायचं, "ताट दोनशेत बसवा, पण पाहुणा तृप्त होऊन उठला पाहिजे." दुसऱ्या पद्धतीत आचाऱ्याला डोकं चालवावं लागतं. नुसतं श्रीखंड कापून टाकलं तर पाहुणे नाव ठेवतील. मोसमात कोणती भाजी स्वस्त आहे, कोणता पदार्थ एकाच भट्टीवर दोनदा होतो, कुठे तेल वाया जातं, हे सगळं मुळापासून बघावं लागतं. इंजिनिअर मंडळी याला लक्ष्य-किंमत पद्धत म्हणतात. पैसे हे बंधन ठरतं आणि बाकी सगळं त्या बंधनाच्या आत नव्याने शोधायचं.

हे शोधण्याचं काम पुण्यात झालं. टाटा मोटर्सच्या पिंपरी-चिंचवडमधल्या संशोधन विभागात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली सुमारे पाचशे इंजिनिअर या गाडीवर होते. वाघ यांनी त्याआधी 'एस' हा छोटा मालवाहू टेम्पो बाजारात आणला होता, म्हणजे कमी पैशात दणकट वाहन कसं करायचं याचा धडा त्यांच्या गाठीशी होता. बाहेरचा आकार घडवायला इटलीतल्या तुरिनच्या आयडिया इन्स्टिट्यूटची मदत घेतली. इंजिन एकदा करून भागलं नाही. छोट्या इंजिनाने सुरुवात झाली, ताकद पुरेना, मग ते वाढवत वाढवत ६२४ सीसीपर्यंत आलं. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये गाडी जगासमोर आली.

वजनाची साखळी

स्वस्त गाडीत सगळ्यात महाग गोष्ट कोणती? वजन. हे ऐकायला विचित्र वाटतं, कारण आपण वजनाचे पैसे भाजीबाजारात मोजतो, शोरूममध्ये नाही. पण गाडी म्हणजे मुख्यतः पोलाद, आणि पोलाद किलोने विकत घेतात.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वजन एकटं येत नाही. गाडी जड केली की ती ओढायला मोठं इंजिन लागतं. मोठं इंजिन पेलायला जाड सांगाडा लागतो. एवढं धूड थांबवायला मोठे ब्रेक लागतात. ब्रेक मोठे, मग चाकं मोठी. चाकं मोठी, मग त्यांना वळवायला स्टिअरिंगची जास्त ताकद, म्हणून पॉवर स्टिअरिंग. या प्रत्येक टप्प्यावर वजन पुन्हा वाढतं आणि साखळी पहिल्यापासून सुरू होते. उलट दिशेनेही ती तशीच चालते. चार किलो कुठून तरी कमी करा, की पुढचे दोन किलो आपोआप कमी होण्याची वाट मोकळी होते.

नॅनोच्या पथकाने ही साखळी उलटी फिरवली. गाडीची लांबी साधारण ३.१ मीटर, रुंदी दीड मीटर. चाकं बारा इंची. इंजिन चारऐवजी दोन सिलिंडरचं, ॲल्युमिनियमचं, ताकद ३५ अश्वशक्तीच्या आसपास. चारही चाकांना ड्रम ब्रेक. स्टिअरिंगचा दांडा भरीव लोखंडाऐवजी पोकळ नळीचा. पॉवर स्टिअरिंग नाही, कारण पुढच्या चाकांवर भारच कमी होता आणि गाडी हाताने सहज वळायची. १०५ किलोमीटर हा कमाल वेग. शहरातल्या कुटुंबाला याहून जास्त वेगाचं काम नाही, असं त्यामागचं साधं उत्तर होतं.

या साखळीत मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे इंजिनाची जागा. त्या काळच्या जवळजवळ सगळ्या छोट्या गाड्यांत इंजिन पुढे असतं. नॅनोत ते मागच्या सीटखाली, मागच्या चाकांजवळ गेलं. का? इंजिन पुढे ठेवलं की त्याच्यासाठी बॉनेटखाली एक अख्खी खोली लागते. ती खोली माणसांच्या वाट्याची असते. इंजिन मागे सरकवल्यावर समोरचा भाग आखूड करता आला, चाकं थेट चार कोपऱ्यांत ढकलता आली, आणि मधली सगळी जागा बसणाऱ्यांना मिळाली. गाडी दाखवताना कंपनीने सांगितलेला आकडा असा: मारुती ८०० पेक्षा लांबीला ८ टक्के कमी, आतली जागा मात्र २१ टक्के जास्त. सहा फुटी माणूस मागे बसला तरी गुडघे समोरच्या सीटला लागत नसत, छतही चांगलं उंच.

पण इंजिन मागे नेलं की दुसरे प्रश्न उभे राहतात. मागे वजन जास्त असलेली गाडी जोरात वळवली तर तिचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला घसरू पाहतो. ओल्या रस्त्यावर हे धोक्याचं. म्हणून मागचे टायर रुंद आणि पुढचे अरुंद ठेवले: मागे १५५ मिलिमीटर, पुढे १३५. मागच्या टायरची पकड जास्त राहते आणि गाडी सरळ वागते. दोन सिलिंडरच्या इंजिनाला थरथर फार, म्हणून त्याच्या आत तोल सांभाळणारा एक वेगळा दांडा फिरता ठेवला. पेट्रोलची टाकी पुढे गेली, फक्त १५ लिटरची, आणि तिचं झाकण बॉनेटखाली आलं. बाहेरून वेगळी पेट्रोलची खिडकी, तिचं कुलूप, तिची तार, हे सगळं वाचलं. आणि सुरुवातीच्या गाडीत मागची डिकी बाहेरून उघडायचीच नाही. उघडणारा दरवाजा म्हणजे बिजागऱ्या, कुलूप, रबर, आणि सांगाड्यात पडलेल्या भोकाभोवती मजबुतीसाठी जास्तीचं पोलाद. सामान ठेवायचं तर मागची सीट दुमडून आतून ठेवा. उघडणारी डिकी थेट २०१५ मध्ये आली.

आता काटकसर आणि काटछाट यांच्या तागडीत एकेक गोष्ट घालून बघा. वायपर एकच, पण काच पुरेशी पुसली जाते. ही काटकसर. वेगाचा काटा मधोमध बसवला, त्यामुळे डाव्या बाजूने स्टिअरिंग असलेल्या देशांसाठी तोच डॅशबोर्ड वापरता येईल. ही फार सुंदर काटकसर. बाहेरचा आरसा फक्त चालकाच्या बाजूला. माझ्या मते ही काटछाट, कारण आपल्याकडे डावीकडून काय काय घुसतं हे रोज गाडी चालवणाऱ्याला विचारा. न उघडणारी डिकी मधोमध कुठेतरी बसते. इंजिनिअरच्या हिशेबात ती बरोबर होती. पण लग्नाला जाताना चार बॅगा भरणाऱ्या कुटुंबाला रोज त्या हिशेबाची आठवण यायची.

लाखो गाड्यांचा लाख

एक लाखाचा आकडा जमवण्यात इंजिनिअरांचा वाटा मोठा होता, पण एक वाटा असा होता जो त्यांच्या हातातच नव्हता. तो म्हणजे किती गाड्या बनतील.

गाडीचा दरवाजा दाबून काढायला एक अजस्र पोलादी साचा लागतो. तो करायला करोडो रुपये लागतात, मग त्यातून एक दरवाजा काढा नाहीतर दहा लाख. कारखान्याची जमीन, यंत्रं, चाचण्या, संशोधन, सगळ्याचं तसंच. समजा हा सगळा खर्च १,००० कोटी आहे. हा आकडा निव्वळ समजण्यासाठी घेतला आहे. दहा लाख गाड्या विकल्या तर प्रत्येक गाडीवर त्याचे दहा हजार रुपये पडतात. अडीच लाखच विकल्या तर चाळीस हजार. दहा लाखांच्या गाडीत चाळीस हजार लपून जातात, ग्राहकाला कळतही नाहीत. लाखाच्या गाडीत ते गाडी बुडवतात. म्हणून जितकी गाडी स्वस्त, तितकी ती जास्त विकली गेलीच पाहिजे. स्वस्त गाडीला थोडकं यश परवडत नाही.

इथे सिंगूर येतं. पश्चिम बंगालमधल्या हुगळी जिल्ह्यात ९९७ एकरांवर कारखाना उभा राहणार होता. जमीन सुपीक, वर्षातून एकाहून जास्त पिकं देणारी. अनेक शेतकऱ्यांनी ती द्यायला नकार दिला, मोबदला घेतला नाही, ममता बॅनर्जींच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन झालं. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने बंगाल सोडला आणि गुजरातमध्ये साणंदला गेली. या गोष्टीकडे आजही अनेक जण फक्त 'राजकारणाने कारखाना घालवला' असं बघतात. मला ते अपुरं वाटतं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते भूसंपादन बेकायदेशीर ठरवून जमीन शेतकऱ्यांना परत करायला सांगितलं. २०२३ मध्ये लवादाने कंपनीला झालेल्या नुकसानीपोटी ७६५.७८ कोटी रुपये देण्याचा निवाडा दिला. दोन्ही निकाल खरे आहेत, आणि दोन्ही एकत्र ठेवूनच ही घटना समजते.

गाडीच्या दृष्टीने नुकसान वेळेचं झालं. २३ मार्च २००९ ला मुंबईत नॅनो बाजारात आली तेव्हा तिचा स्वतःचा कारखाना तयार नव्हता. उत्तराखंडमधल्या पंतनगरच्या कारखान्यात ती थोड्या संख्येने बनत होती. पंधरा-सोळा दिवसांत दोन लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरून नोंदणी केली होती, आणि त्यातल्या एक लाख जणांची निवड सोडतीने करावी लागली. साणंदचा कारखाना जून २०१० मध्ये सुरू झाला. वर्षाला अडीच लाख गाड्यांची त्याची क्षमता. नॅनोचं सगळ्यात चांगलं वर्ष २०११-१२. त्या वर्षी विक्री सुमारे ७४ हजार. म्हणजे उत्तम वर्षातही कारखाना एक तृतीयांश क्षमतेपर्यंत पोचला नाही. वरचं चाळीस हजारांचं उदाहरण आता पुन्हा वाचा.

किंमतही लाखावर कधी थांबली नाही. एक लाख ही कारखान्यातून विक्रेत्यापर्यंतची मूळ किंमत होती. कर आणि वाहतूक धरून दिल्लीत सगळ्यात साधी गाडी सुमारे १ लाख २३ हजारांना पडायची. एसी हवा तर वरचं मॉडेल, ते आणखी महाग. २००३ ते २००९ या काळात पोलादाचा भावही जागेवर थांबला नव्हता.

गाडी घेणाऱ्याचा मान

माझ्या मामांकडे २०११ ची पांढरी नॅनो होती. नारायण पेठेत त्यांचं घर, गल्ली अशी की समोरून रिक्षा आली तर एकाला मागे जावं लागतं. तिथे मामा एका झटक्यात गाडी फिरवायचे. चार मीटरची वळण-त्रिज्या म्हणजे काय हे मी कागदावर वाचण्याच्या आधी त्या गल्लीत पाहिलं. गाडीवर त्यांचा जीव होता. पण लग्नकार्यात कोणी "मग, गाडी कुठली घेतली?" असं विचारलं की मामा "छोटी आहे" म्हणायचे आणि मुलांच्या अभ्यासाची चौकशी सुरू करायचे.

हे एका माणसाचं झालं, पण देशभर असंच काहीसं होत होतं. आपल्याकडे पहिली चारचाकी म्हणजे घरातलं मंगल कार्य असतं. हार घालतात, नारळ फोडतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, पेढे वाटतात. जगातली सगळ्यात स्वस्त गाडी म्हणून जिची ओळख करून दिली गेली, तिचे पेढे वाटताना घेणाऱ्याला अवघडल्यासारखं होत होतं. रतन टाटांनी स्वतः पुढे कबूल केलं की 'स्वस्त' हा शिक्का गाडीला भोवला. १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा तीसुद्धा सामान्य माणसाची गाडी होती, पण तिच्याकडे 'नवी, जपानी, आधुनिक' म्हणून बघितलं गेलं. छोटी असून ती घेणाऱ्याला वर नेत होती.

बाकी कारणंही आहेत. काही नॅनो पेटल्याच्या बातम्या आल्या. कंपनीने गाड्यांना जास्तीचं संरक्षण बसवून द्यायची तयारी दाखवली, वॉरंटी चार वर्षांची केली, पण नोव्हेंबर २०१० मध्ये देशभरात विक्री फक्त ५०९ वर घसरली. त्यातच कर्जाचा प्रश्न. स्कूटरवरून जाणारं ते कुटुंब बहुतेक वेळा दुकानदाराचं, कारागिराचं, हातावर पोट असणाऱ्याचं. त्याच्याकडे पगाराची स्लिप नाही, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं नाहीत. ज्याच्यासाठी गाडी बनवली त्याला कर्ज देताना बँका कचरत होत्या, आणि ज्याला बँक हसत कर्ज द्यायची तो थोडा हप्ता वाढवून अल्टो घ्यायचा. जून २०१८ मध्ये महिनाभरात एकच नॅनो बनली. पुढच्या वर्षी उत्पादन थांबल्यातच जमा झालं.

नारळ आणि सोडण

सुरक्षेबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवं, कारण सगळी गोष्ट पावसातल्या त्या कुटुंबाच्या जिवावरून सुरू झाली होती.

झाडावरून नारळ पडला तरी आतलं खोबरं शाबूत राहतं. बाहेरचं सोडण दबतं, आदळण्याची ताकद स्वतःवर घेतं, आणि आतली करवंटी वाकत नाही. चांगल्या गाडीची रचना अशीच असते. पुढचा भाग चुरगळण्यासाठीच केलेला असतो. तो जितका सावकाश चुरगळेल तितका धक्का कमी. आणि माणसं बसतात तो डबा करवंटीसारखा, काही झालं तरी न वाकणारा. वेग दुप्पट झाला की ही धडकेची ताकद चौपट होते. एअरबॅग आणि सीटबेल्ट त्यानंतर येतात. डबाच वाकला तर एअरबॅग फुगून काय करणार?

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने पाच भारतीय छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरने धडकवून पाहिल्या. नॅनो, मारुती अल्टो, फोर्ड फिगो, ह्युंदाई आय१० आणि एअरबॅग नसलेली फोक्सवॅगन पोलो. मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे. नॅनो, अल्टो आणि आय१० यांचा सांगाडाच इतका कच्चा ठरला की नुसत्या एअरबॅगने फरक पडणार नाही, असा शेरा होता. तेव्हाचे भारतीय नियम या गाड्या पूर्ण करत होत्या, कारण असल्या धडकेची चाचणी आपल्या नियमांत तेव्हा नव्हतीच. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि २०१९ पासून सगळ्या गाड्यांना कडक धडक-चाचणी लागू झाली. २०१९ मध्येच एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकून घसरू न देणारी यंत्रणा) आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, १ एप्रिल २०२० पासून कमी प्रदूषण करणारं बीएस-६ इंजिन. प्रत्येक नियम योग्य, प्रत्येकाचा खर्च काही हजार. लाखाच्या गाडीत एवढी जागाच नव्हती. काही जण म्हणतात नियमांनी नॅनो मारली. स्कूटरपेक्षा सुरक्षित असणं पुरेसं आहे की नाही, हा खरा प्रश्न होता. मला वाटतं, नाही. माणसाला डब्यात बसवलं की त्या डब्याची जबाबदारी घ्यावी लागते.

क्विडने काय शिकलं

सप्टेंबर २०१५ मध्ये रेनॉने चेन्नईजवळ बनवलेली क्विड आणली. सुरुवातीची किंमत २ लाख ५७ हजार. ही गाडी उभी करणारे जेरार देतुर्बे हे फ्रेंच इंजिनिअर, रेनॉच्या लोगानसारख्या स्वस्त गाड्यांचं काम त्यांनी आधी सांभाळलं होतं. क्विडच्या चाकालाही तीनच नट आहेत. वायपरही एकच. सुटे भाग ९८ टक्के भारतातले, ८०० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. मग फरक काय?

फरक हा की क्विडने काटकसर दिसू दिली नाही. गाडी जमिनीपासून १८० मिलिमीटर उंच, चेहरा एसयूव्हीसारखा, वरच्या मॉडेलमध्ये सात इंची टचस्क्रीन. जाहिरातीत 'स्वस्त' हा शब्द पुढे नव्हता. शेजारी बघेल तिथे पैसे लावले, शेजारी बघणार नाही तिथे वाचवले. गाडी चालली.

पण ज्या जागा शेजारी बघत नाही, त्यात सांगाडाही येतो. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत भारतीय क्विडला शून्य तारे मिळाले, सुधारून पुन्हा आणल्यावर एक. तीच क्विड ब्राझीलमध्ये नेताना कंपनीने सांगाडा मजबूत केला, चार एअरबॅग दिल्या, आणि तिथल्या लॅटिन एनकॅपमध्ये तिला तीन तारे मिळाले. आराखडा एकच, देश दोन. म्हणजे सुरक्षित छोटी गाडी अशक्य नव्हती. आपण ग्राहक म्हणून तारे विचारत नव्हतो आणि कायदाही विचारत नव्हता. २०२३ पासून आपल्याकडेही तारे देणारी चाचणी, भारत एनकॅप, आहे, आता विचारता येतं. शोरूममध्ये ॲव्हरेजच्या आधी तारे विचारा, ही माझी कळकळीची विनंती.

पुण्याच्याच बजाजने मधला रस्ता शोधला होता: क्यूट. २१६ सीसी, कमाल वेग ताशी ७० च्या आसपास. पण ती कायद्याने गाडी नाही, 'क्वाड्रिसायकल' नावाच्या वेगळ्या गटात मोडते, आणि त्या गटाच्या परवानगीतच अनेक वर्षं गेली.

आजचा हिशेब

चार मीटरपेक्षा लांबीला कमी आणि १,२०० सीसीच्या आतल्या पेट्रोल गाड्यांना आपल्याकडे करात सवलत असते. एवढ्या छोट्या गाड्या बाजारात का, याचं एक उत्तर यात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवरचा कर उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ वर आला. त्यानंतर मारुती एस-प्रेसो साडेतीन लाखांच्या जरा आत आणि अल्टो के१० ३ लाख ७० हजारांच्या जरा आत सुरू होऊ लागली. विमा आणि पासिंग धरून रस्त्यावर येईपर्यंत चार लाखांच्या आसपास जातात. बरी स्कूटर आज लाखाच्या घरात जाते. लाख आणि चार लाख यांच्या मध्ये नवी गाडी जवळजवळ नाहीच. तिथे आता जुन्या गाड्यांचा बाजार भरतो.

मामांनी २०१९ मध्ये नॅनो विकली. घ्यायला मंडईतला एक गाळेवाला आला होता, बायकोला बरोबर घेऊन. मामांनी प्रामाणिकपणे सांगितलं, डिकी बाहेरून उघडत नाही, डावीकडे आरसा नाही. त्याने मागची सीट दुमडून बघितली, टोपल्या किती बसतील याचा हाताने अंदाज घेतला. मग सीट सरळ केली. बायको मागे बसली, पाय पसरून बघितले, आणि आतूनच म्हणाली, "घ्या ही. चौघं बसू."